वासिफचे गुणदोष

फुजैरा
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय मधू,

सलाम. काल तुला फोन केला, तर तू आपला "हो हो, वीणा मजेत आहे" एवढंच म्हणत राहिलास. मी विचारत होतो की तुझ्याकडे मोठा टीव्ही आहे का. कानाचं मशीन लावायला घेतलंस की कपाटात ठेवायला? शेवटी म्हटलं, जाऊ दे, मेलवर लिहूनच पाठवावं. रत्नागिरीच्या कॉलेजात कबड्डीच्या एका टीममध्ये होतो तेव्हाही तू माझं कधी ऐकलं नाहीस. तेव्हा तर कान शाबूत होते.

काम वासिफचं आहे. तू त्याला शेवटचं पाहिलंस तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. करामाला तुमच्या फ्लॅटमध्ये शिरताना त्याने चौकटीवर कपाळ आपटून घेतलं होतं आणि वीणावहिनींनी बर्फ लावला होता. आता तो त्याहून चार बोटं उंच झालाय. अमेरिकेत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि त्यांच्या फुटबॉलच्या टीममध्ये खेळतो. आपला लाथ मारायचा फुटबॉल नव्हे; ते हेल्मेट घालून एकमेकांवर धडकतात तो. वासिफला तिथे एज रशर म्हणतात. म्हणजे असं की समोरच्या टीमचा एक जण मागे उभा राहून चेंडू फेकतो, त्याला वाचवायला पुढे पाच धिप्पाड पहारेकरी असतात. आपला पोरगा रांगेच्या टोकाला उभा राहतो आणि त्यातल्या शेवटच्या पहारेकऱ्याला चुकवून किंवा उडवून त्या फेकणाऱ्याला गाठतो. दोन-तीन सेकंदांत काय ते करायचं. मला विचारशील तर ती चढाईच आहे, फक्त दम घुमवायचा नाही.

आता प्रश्न असा आहे की त्याला तिथल्या व्यावसायिक टीमच्या निवडीत नाव द्यायचंय. जानेवारीच्या मध्यापर्यंत द्यावं लागतं. एकदा नाव दिलं, एजंटशी सही केली, की कॉलेजचा खेळ आणि स्कॉलरशिप खलास. निवड झाली तर सोनं. नाही झाली तर ना इकडचा ना तिकडचा, डिग्रीही अर्धवट. नाही तर अजून एक वर्ष कॉलेजात खेळून डिग्री घेऊन मग नाव द्यायचं. मुलगा म्हणतो यंदाच. मुनिबा आई आहे, ती म्हणते शिक्षण आधी. मी कुणाचं ऐकू?

तू दरवर्षी दुबईतल्या मंडळाच्या कबड्डीसाठी पोरं निवडतोस. रागलोभ न ठेवता निवडतोस, हेही मला ठाऊक आहे; माझ्या भाच्याला तू दोनदा घरी पाठवलंयस. वासिफच्या यंदाच्या सगळ्या मॅचेसचे व्हिडिओ पाठवतो. बघ, आणि गुणदोष लिहून कळव. माझा मुलगा आहे हे विसर.

अम्मी तुझी आठवण काढते. वय झालं तिचं, पण जीभ तशीच आहे.

तुझा
खैरुद्दीन

ता. क. पोर्टवर सगळ्यांना सांगून ठेवलंय. टर्मिनलचा फिलिपिनो फोरमनसुद्धा रोज विचारतो, "सर, युअर सन?" तेवढं लक्षात असू दे.

•

करामा, दुबई
८ डिसेंबर २०२४

प्रिय खैरू,

दोन आठवडे आमच्या घरात दुसरं काही लागलेलं नाही. वीणाची मालिका बंद, बातम्या बंद. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "हे काय, रेड्यांची टक्कर?" आता तीच मला सांगते की थांबा, मागे घ्या, वासिफ दिसला नाही नीट.

आधी एक कबूल करतो. हा खेळ मला अर्धाच कळतो. पहिल्या तीन मॅचेस मी वहीत लिहीत होतो की पोरगा समोरच्याचा शर्ट का धरत नाही. मग खालच्या मजल्यावरच्या तनिषने सांगितलं की तशी पकड फाउल आहे. तेव्हा ती पानं फाडली. उरलं ते लिहितो. तू म्हणालास मुलगा आहे हे विसर. विसरलो.

गुण. पहिलं पाऊल. चेंडू हलला की वासिफ हललेला असतो, बाकीचे अजून विचार करत असतात. हे शिकवता येत नाही, हे आईच्या पोटातून आणावं लागतं. दुसरं, थकत नाही. मॅचच्या शेवटी बाकीचे कमरेवर हात ठेवून उभे असतात, हा तेव्हाही लांब पळालेल्या गड्याच्या मागे मैदानभर धावतो, गाठता येणार नाही हे दिसत असतानाही. मला हा गुण सगळ्यांत जास्त आवडला. तिसरं, फसत नाही. चेंडू खोटा दाखवला तरी आपली जागा सोडत नाही. चांगल्या कोपरारक्षकासारखा दोन श्वास थांबतो. हे त्याने तुझ्याकडून नक्कीच घेतलेलं नाही.

आता दोष. मोठा दोष हा की पोरगा वाकत नाही. टोकावरून वळताना खांदा जमिनीकडे झुकला पाहिजे, गुडघे मोडले पाहिजेत, म्हणजे समोरच्याचा हात वरून जातो. हा ताठ वळतो. माझ्या दाराची चौकट अजून त्याला दिसत नाही म्हण ना. दुसरा दोष, पहिला डाव फसला की दुसरा डाव नाही. धडकला आणि अडला, की नुसतं रेटत बसतो.

तिसरा दोष मला नीट कळलेला नाही. सप्टेंबरमध्ये तो रांगेच्या डाव्या टोकाला उभा राहायचा. तिथून आत घुसताना उजवा हात समोरच्याच्या छातीवर बसतो, आणि काय बसायचा! ते धिप्पाड गडी मागे सरकायचे. ऑक्टोबरपासून तो उजव्या टोकाला दिसतो. तिथे डावा हात पुढे येतो. उजवा नुसता अंगाला लागून असतो. गड्याला मिठी मारून पाडायचं तर डाव्या हाताने कवळतो, आणि दोनदा गडी उजवीकडून निसटून गेला. आळस म्हणावा तर हा पोरगा आळशी नाही.

तुला माझी जुनी खोड माहीत आहे. सिलेक्शनला आलेली पोरं खेळून झाली की मी पायरीवर उभा राहून प्रत्येकाला पाण्याची बाटली वरून देतो, आणि कुणाचा हात कसा वर येतो ते बघतो. दुखणं कुणीच सांगत नाही, बाटली घेताना ते दिसतं. टीव्हीतून बाटली देता येत नाही, म्हणून शेरा मारून सोडून देतो: उजवा हात कमी पडतो.

एकूण मत: पोरगा चांगला आहे, तयार नाही. अजून एक वर्ष.

अम्मींना नमस्कार. वीणाने कोकमाचं आगळ काढून ठेवलंय, कुणी इकडे येणार असेल तर कळव.

तुझा
मधू

•

फुजैरा
१३ डिसेंबर २०२४

मधू,

मत मागितलं होतं, पोस्टमॉर्टेम नव्हे. पण मी मागितलं, तू दिलंस. शुक्रान.

राग आलाय का? आलाय. "तयार नाही" हे दोन शब्द लिहायला तुझं काय गेलं? तू आयुष्यभर मैदानाच्या कोपऱ्यात उभा राहिलास, तुला प्रत्येक चढाईवाला चुकलेलाच दिसतो. तिथले कोच, तिथले एजंट, ज्यांनी हयात या खेळात घालवली, ते म्हणतात पोरात काहीतरी आहे. आणि माझा मित्र करामाच्या सोफ्यावर बसून म्हणतो, वाकत नाही!

आणि तो तिसरा दोष. वाचून मी मोठ्याने हसलो, मुनिबा बाहेर आली. अरे, वासिफ जन्माचा खब्बू आहे! तुला माहीत नाही कारण तुझ्यासमोर तो कधी डावा हात वापरायचाच नाही. लहानपणी चमचा, पेन, चेंडू, सगळं डाव्या हातात. अम्मीला ते खपणार होतं होय? जेवताना डावा हात ताटाकडे गेला की ती तो अलगद धरून खाली ठेवायची आणि उजवा वर आणायची. मारलं नाही कधी. वर्षभर रोज, प्रत्येक घासाला. मग शाळेत पेनही उजव्या हातात आलं. अमेरिकेत गेला, मोठ्या मॅचेस आल्या, आणि अल्लाने दिलेला हात आपोआप पुढे आला. एवढंच आहे ते.

मी त्याच दिवशी वासिफला मेसेज केला की तुझा मधूकाका म्हणतो उजवा हात कमी पडतो, त्याला सांगू का की तू खब्बू आहेस? त्याचं लगेच उत्तर आलं. "येस अब्बा, एक्झॅक्टली. लेफ्ट इज माय नॅचरल हँड." आणि हसण्याची तीन चित्रं. म्हणजे तू ज्याला दोष म्हणतोस तो गुण निघाला. दोन्ही हातांनी खेळणारा पोरगा मिळतो कुठे?

मी त्याला हो म्हणून टाकलंय. नाव यंदाच द्यायचं.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी घेतलंय तेवढं पुरे आहे.

खैरुद्दीन

•

करामा
१८ डिसेंबर २०२४

प्रिय खैरू,

तुझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या याचा अर्थ मी पत्र बरं लिहिलं असावं.

खब्बू असल्याचं मला खरंच ठाऊक नव्हतं. तिसरा शेरा मागे घेतो. पहिल्या दोन शेऱ्यांवर मी ठाम आहे, पण पोरगा तुझा, आयुष्य त्याचं. तुम्ही हो म्हटलंत, आता माझंही हो. निवड झाली तर करामात पेढे मी वाटीन, आणि चौकट उंच करून घेईन.

एक मनात आलं ते लिहून टाकतो, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. खब्बूच असेल, तर सप्टेंबरात उजवा हात एवढा जोरात कसा बसायचा? वीणा म्हणते, तुम्हाला दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही, गप्प बसा. बसतो.

इकडे थंडी चांगली पडलीय. संध्याकाळी मेट्रो स्टेशनपर्यंत चालत जातो, कानाचं मशीन लावून. रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येतात, माणसं ऐकू येत नाहीत. कंपनीने चांगलंच उल्लू बनवलंय.

तुझा
मधू

•

फुजैरा
२ जानेवारी २०२५

प्रिय मधू,

नवीन वर्ष मुबारक. रुसवा संपला, मोठ्या मनाने माफ केलं, यल्ला, चल पुढे. आता ऐक गंमत.

काल सगळ्यांनी मिळून वासिफला व्हिडिओ कॉल लावला. अम्मीला समोर खुर्चीत बसवलं, तिची शाल नीट केली. तिकडे त्याची सकाळ होती. खोलीत बसून अंडी-पाव खात होता. फोन कशालातरी टेकवून ठेवलेला. आम्हाला पाहून हात वर करून "सलाम दादी" म्हणाला, आणि पुन्हा खायला लागला. सगळं ठीक चाललं होतं. तोच अम्मी एकदम म्हणाली, "हा कुठल्या हातानं खातोय?"

डाव्या हाताने! अंड्याचा तुकडा डाव्या हाताने उचलून तोंडात. अम्मीने काय ऐकवलं त्याला! "तुझ्या बापाचं मीठ खाऊन एवढा झालास, नि अमेरिकेत जाऊन हे शिकलास? डाव्या हातानं सैतान खातो, ठाऊक आहे ना?" तो हसायला लागला, म्हणाला, "सॉरी दादी, हॅबिट झाली." त्यावर तर ती भडकलीच. "सवय? माझी एवढ्या वर्षांची सवय गेली नि तुझी चार दिवसांची राहिली?" आणि उठून आत गेली. दर कॉलच्या शेवटी ती दुआ मागते, ती मागायलाही थांबली नाही. कालपासून त्याचं नाव काढू देत नाही. मुनिबा दोघांच्या मध्ये हेलपाटे घालतेय.

मी मात्र तुला सांगतो, मला आतून हसू येत होतं. बघ म्हटलं, मधूचा शेरा! पोरगा पुरता खब्बू झाला. थोडा बारीक वाटला, दाढी वाढलीय, पण ते असणारच, टेन्शन आहे. एजंटचे कागद आलेत. दहा तारखेला तो जाहीर करणार, इन्शाल्ला.

पुढच्या आठवड्यात टर्मिनलवर केक आणायचा म्हणतात. मी नको नको म्हणतोय. म्हणजे हो म्हणतोय.

तुझा
खैरू

•

करामा
३ जानेवारी २०२५

प्रिय खैरू,

हे पत्र घरी वाच, टर्मिनलवर नको. आणि पुरतं वाचून मग रागाव.

मी तुमच्या घरी पुष्कळ वेळा जेवलोय. एकदा गप्पांच्या नादात मी डाव्या हाताने भाकरी मोडायला गेलो, तर तुझ्या अम्मींनी माझाही हात अलगद खाली ठेवला होता, परक्याच्या पोराचा. त्या माउलीने वर्षभर प्रत्येक घासाला लावलेली सवय अमेरिकेत मॅच खेळून सुटत नाही, खैरू. खेळताना हात बदलू शकतो. पेन बदलू शकतं. पण तिच्यासमोर, तिच्या नजरेखाली, वासिफ डाव्या हाताने खाणार नाही. तू सांग, तू स्वतः खाल्लं असतंस?

त्याने उजव्या हाताने खाल्लं नाही, कारण तो हात तोंडापर्यंत येत नाही.

आता मागचं जोडून बघ. सप्टेंबरात तोच हात माणसं मागे सारत होता. ऑक्टोबरात त्याने टोक बदललं, म्हणजे तो हात मध्ये यायला नको. मिठी मारताना उजवी बाजू सुटते. परवाचा सलामही डाव्या हाताने होता का, आठवून बघ. मी टीव्हीतून बाटली देता येत नाही म्हणालो होतो. ती अम्मींनी नकळत दिली.

माझं चुकत असेल तर मी तुझ्या फोरमनसमोर कान धरून उठाबशा काढीन. पण बरोबर असेल, तर त्या व्यावसायिक टीमचे डॉक्टर त्याचा एकेक सांधा तपासतील आणि पहिल्याच दिवशी त्यांना कळेल. तेव्हा कॉलेजही सुटलेलं असेल आणि डिग्रीही. दहा तारखेच्या आत त्याला विचार. "दुखतं का" असं विचारू नकोस, नाहीच म्हणेल. वरच्या फळीवरचं काहीतरी काढून दाखव म्हण.

आणखी एक, आणि हे मला लिहायला जड जातंय. खब्बूचं कारण त्याने सांगितलं नव्हतं. ते तू त्याला सुचवलंस, आणि त्याने ते धरलं. पण तिथपर्यंत तू माझ्या पत्रामुळे गेलास. तेव्हा शिव्या घालायच्या तर मलाही घाल.

तुझा
मधू

•

फुजैरा
१० जानेवारी २०२५

प्रिय मधू,

तुझं पत्र वाचून मी ते बंद केलं आणि मनाशी ठरवलं की या माणसाशी आता बोलायचं नाही. चार दिवस नाहीच बोललो. वासिफलाही विचारलं नाही. भीती वाटत होती रे. न विचारता राहिलं तर ते खरं होणार नाही, असं काहीतरी डोक्यात होतं. सहा जहाजं नांगर टाकून इंधनाची वाट बघत होती, मी कागदांवर सह्या करत होतो आणि एकही शब्द डोळ्यांत शिरत नव्हता.

शेवटी अम्मीनेच विषय काढला. परवा म्हणाली, "पोरगं दहाला काय ते जाहीर करणार ना? मग दुआ नको का द्यायला? लावा फोन." तुझं फळीचं मी विसरलो नव्हतो, पण आईसमोर पोराची परीक्षा घ्यायला जीभ उचलली नाही. मी खुर्चीच्या मागे उभा राहिलो.

ती त्याच्याशी गोड बोलली. जेवलास का, थंडी आहे का. मग म्हणाली, "चल, आमीन म्हण," आणि दोन्ही हात वर करून दुआ मागायला लागली. आम्हीही हात वर केले. स्क्रीनमध्ये त्याचा डावा तळवा वर आला. एकटाच. उजवा खाली, मांडीवर कुठेतरी होता, दिसत नव्हता.

अम्मी मध्येच थांबली. तिला वाटलं फोन हलला. म्हणाली, "दोन्ही हात, बाळा. एका हातानं मागतात का?"

त्याने प्रयत्न केला, मधू. मी बघत होतो. खांदा थोडा वर आला, कोपर कापायला लागलं, आणि चेहरा असा झाला की मला माझ्या पोराचा पाळण्यातला चेहरा दिसला. दुआसाठी हात वर केलेला असताना त्याला खोटं बोलता येईना. तो रडायला लागला. "दादी, नाही येत वर. नाही येत."

ऑक्टोबरातली पहिली मॅच. पडताना उजवा खांदा निखळला आणि त्याने स्वतःच तो बसवला. टीमच्या लोकांना म्हणाला थोडं आखडलंय. पट्टी बांधून, गोळ्या घेऊन पुढच्या सगळ्या मॅचेस खेळला. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "अब्बा, यू हॅड टोल्ड द होल पोर्ट." नंतर म्हणाला की मधू अंकलनी पकडलंच होतं, तेवढ्यात तुम्हीच खब्बूचं कारण पाठवलंत, मला विचार करायचंही काम उरलं नाही.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुनिबाने फोन घेतला आणि शांतपणे सांगितलं की आज डॉक्टर, आणि कागदांवर सही नाही. आज दहा तारीख आहे. त्याने नाव दिलेलं नाही. काल स्कॅन केलं, खांद्याच्या वाटीची कड फाटली आहे, ऑपरेशन लागेल. डॉक्टर म्हणतात, अजून एक मोसम तसाच खेळला असता तर हात कायमचा गेला असता. आता पूर्ण बरा होईल म्हणतात.

टर्मिनलवर सगळ्यांना मीच सांगितलं. केक नको म्हणून. फोरमनने काही विचारलं नाही, चहा आणून दिला.

तुझ्यावर रागावलो होतो. तू बरोबर होतास म्हणून तर जास्तच. आता नाही.

खैरू

•

करामा
१६ जानेवारी २०२५

प्रिय खैरू,

तुझं पत्र मी वीणाला वाचून दाखवायला घेतलं, दुआपर्यंत आलो आणि पुढचं तिने वाचलं. बरोबर निघण्याचा आनंद कसा असतो ते मला यावेळी कळलंच नाही. चुकलो असतो तर बरं झालं असतं, फोरमनसमोर उठाबशा काढल्या असत्या.

काल वासिफची मेल आली. इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगतो. तो म्हणतो, मधू अंकल, तुम्ही अब्बांना लिहिलेला रिपोर्ट मला पूर्ण पाठवा, गाळू नका, मला पुढचं वर्ष कॉलेजातच खेळायचंय आणि तोपर्यंत बसून बघण्याशिवाय काम नाही. मी पाठवला. तिसरा शेरा खोडून त्या जागी नवीन लिहिला: दुखणं लपवतो, हा या खेळाडूचा सगळ्यांत मोठा दोष आहे. आणि गुणांत एक वाढवला: दादीसमोर खोटं टिकत नाही. त्याचं उत्तर आलं की हा दोष तो दुरुस्त करील, नव्या गुणाबद्दल त्याच्या हातात काही नाही.

तू स्वतःला कोसत बसू नकोस. बाप पोराचं कौतुक गावभर सांगतो, तो काय गुन्हा आहे? पुढच्या वेळी फक्त थोडं कमी सांग. मला सांग, चालेल; मला अर्धंच ऐकू येतं.

ऑपरेशन झालं की कळव.

तुझा
मधू

•

फुजैरा
१६ मार्च २०२५

प्रिय मधू,

रमजान चालू आहे, म्हणून लिहायला उशीर. ऑपरेशन नीट झालं ते तुला मेसेजने कळवलंच होतं. वासिफ कॉलेजच्या सुट्टीत आठवडाभर घरी आलाय. उजवा हात अंगाशी बांधलेला, त्यावर काळी पट्टी. आणखी दोन आठवडे तसाच ठेवायचाय, मग व्यायाम. सप्टेंबरात मैदानावर उतरेल, इन्शाल्ला.

काल त्याचा घरचा पहिला इफ्तार. खाली चटई घातली, अम्मी तिच्या बुटक्या खुर्चीत. मुनिबाने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमईचं सालन केलेलं, त्याच्यासाठी मुद्दाम सांदणं. अजान झाली. आम्ही खजूर उचलले. वासिफचा डावा हात ताटाकडे गेला आणि मध्येच थांबला. त्याने दादीकडे बघितलं. मी म्हणणार होतो की अम्मी, मजबुरी आहे, आजारी माणसाला माफ असतं.

तिने काही बोलू दिलं नाही. त्याचा डावा हात अलगद धरला, लहानपणी धरायची तसाच, आणि खाली ठेवला. मग आपल्या हाताने खजूर उचलून त्याच्या तोंडापुढे धरला. "त्याला उजवा हात मीच लावला होता," ती मला म्हणाली, "तो बरा होईस्तोवर माझा घेऊ दे."

मग भाकरीचा तुकडा, सालनात बुडवलेला. मग दुसरा. तिचा हात आता कापतो, मधू. वर उचलवत नाही फार, आणि समोर बसलेलं पोरगं डोंगराएवढं. रस्सा चटईवर सांडायला लागला. तेव्हा त्याने पाय मागे घेतले, गुडघे मोडले, डावा खांदा पार जमिनीला टेकेपर्यंत झुकवला आणि तोंड तिच्या हाताखाली आणलं. सगळं जेवण तसंच जेवला.

तू लिहिलं होतंस ना, पोरगा वाकत नाही म्हणून? तो दोष खोडून टाक.

तुझा
खैरू